राघूची मैना झाली!

मराठी माणसाने पोपटावर फार अन्याय केलाय. कोणी फसलं की आपण म्हणतो, 'पोपट झाला!' न समजता कोणी घडाघडा पाठ म्हणून दाखवलं की ती 'पोपटपंची'. मीटिंगमध्ये साहेबांचंच वाक्य साहेबांनाच ऐकवणारा एक कलीग प्रत्येक ऑफिसात असतो, त्याचं नाव काय पडतं, हे वेगळं सांगायला नको. आणि तरीही आपल्यापैकी निम्म्या लोकांना लहानपणी काय हवं होतं? तर एक पोपट. हिरवागार, लाल चोचीचा, पाहुण्यांसमोर 'विठू विठू' करणारा!

आमच्या घरात ही फर्माईश लहान मुलाकडून नाही, तर शहात्तर वर्षांच्या आजीकडून आली.

आजी धुळ्यात राहते, जुन्या गावात. बाहेरच्यांना धुळ्याची एक गंमत माहीत नसते. इथल्या जुन्या वस्तीत रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. गल्ली नंबर दोन, गल्ली नंबर चार, पत्ता असाच सांगायचा. अशाच एका नंबरच्या गल्लीत आजीचं घर आणि त्या घराच्या ओट्यावर माझ्या लहानपणी एक लोखंडी पिंजरा टांगलेला असायचा. आत राघू. हा राघू मराठी बोलायचा नाही, हिंदी तर नाहीच. तो अस्सल अहिराणी बोलायचा. दाराशी कोणी आलं की आतून खणखणीत आवाज यायचा, "कोन शे?" पोस्टमनसुद्धा दचकून स्वतःचं नाव सांगायचा! तो राघू गेला तेव्हा मी शाळेत होते. दोन वर्षांपूर्वी आजोबाही गेले आणि त्या ओट्यावर विचारणारं कोणीच उरलं नाही.

आई-बाबा आणि मी जळगावला. पुण्यात मास कॉम केलं, दोन वर्षं मुंबईत एका चॅनेलच्या डेस्कवर काढली आणि आता जळगावातल्या घराच्या वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून फ्रीलान्सिंग करते. आजीला इकडे आणायचे बाबांचे सगळे प्रयत्न फसले होते. "माझं घर सोडून मी कुठेही येणार नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर. गेल्या दिवाळीत मात्र तिने स्वतःहून एक मागणी केली. "मला एक राघू आणून दे. गल्लीतला पोरगा म्हणतोय, फेब्रुवारीत पिल्लं मिळतील, पाचशे रुपयात."

मी नाही म्हटलं. आजी चिडली. आजी माझ्याशी एरवी मराठीत बोलते, चिडली की अहिराणीत. त्या संध्याकाळी ती फक्त अहिराणीतच बोलली.

पाचशे रुपयांचा गुन्हा

तुम्ही म्हणाल, एका म्हातारीला पोपट आणून द्यायला एवढे आढेवेढे कशाला? तर मंडळी, आपला देशी हिरवा पोपट घरात ठेवणं हा चक्क गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंडाची रक्कमही वाढली. आता तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही! गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला नेहमीचा पोपट असो नाहीतर खांद्यावर लाल डाग असलेला मोठा 'पहाडी', पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं सगळं बंद. 'आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे' हे उत्तर कायद्याला चालत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला, तरी त्या पाचशे रुपयांमागची गोष्ट ऐका. पोपट घरटं बांधत नाही, तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. हिवाळा सरता सरता ढोलीत पिल्लं असतात. डोळेही धड न उघडलेली ही पिल्लं ढोलीत हात घालून काढतात, टोपलीत कोंबून बाजारात आणतात. त्यातली बरीचशी वाटेतच मरतात. जी जगतात, ती दोन पायांवर नीट उभी राहायच्या आत पिंजऱ्यात. गंमत म्हणजे, हाच आपला कंठवाला पोपट आज लंडनच्या बागांमध्ये थव्याने मोकळा उडतो. कधीकाळी तिथे पिंजऱ्यातून सुटलेल्या पाखरांची ही पिलावळ. म्हणजे साहेबाच्या देशात मोकळा आणि धुळ्याच्या ओट्यावर कैदी!

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मग आपला राघू पण असाच आणला होता का?" मी काही बोलले नाही. तीही नाही.

तुरेवाला पाहुणा

मग पर्याय शोधायला लागले. बाहेर देशातले, पण आपल्याकडे पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या पैदास झालेले पक्षी पाळायला बंदी नाही. आपण सरसकट ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणतो ते छोटे बजरीगर, खरेखुरे लव्हबर्ड, कॉकटील, कोन्यूर, मकाव, आफ्रिकन ग्रे वगैरे. यातही एक मेख आहे. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेला पक्षी घरात असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मकाव, ग्रे, कोन्यूर सगळे यात येतात. बजरीगर, कॉकटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड मात्र त्या यादीबाहेर आहेत. माझ्या खिशाला आणि खोलीला झेपणारा एकच होता... कॉकटील.

कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. शेपटीसकट जेमतेम एक फूट, वजन नव्वद-शंभर ग्रॅम, म्हणजे दोन लिंबांएवढं. अंग राखाडी, गालावर रूज लावल्यासारखा नारिंगी ठिपका आणि डोक्यावर तुरा. डिसेंबरात जळगावातल्याच एका हौशी ब्रीडरकडून मी दहा आठवड्यांचं पिल्लू आणलं. याहून लहान, हाताने भरवावं लागणारं पिल्लू 'जास्त माणसाळतं' म्हणून कोणी गळ्यात मारायला लागलं, तर सरळ नाही म्हणा. भरवणीची पेज जरा गरम झाली की पिल्लाची अन्ननलिकेची पिशवी भाजते, थंड राहिली की ती पचत नाही. ते काम अनुभवी माणसाचं. स्वतः टिपून दाणे खाणारं पिल्लूच घ्यायचं. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं बरबटलेली नाहीत, एवढं बघायचं आणि पावती मागून घ्यायची.

नर की मादी? ब्रीडर हसला. म्हणाला, "सहा महिन्यांनी तोच सांगेल." आजीने फोनवरच नाव ठेवलं, 'राघू'. ऑस्ट्रेलियाचा असला म्हणून काय झालं!

प्लॅन असा होता, की तीन-चार महिने मी त्याला हातावर यायला शिकवायचं, दोन शब्द बोलायला शिकवायचं आणि मग रेडीमेड राघू धुळ्याला पोचवायचा.

आठवडाभर काहीच करू नका

ट्रेनिंगचा पहिला फंडा असा, की पहिले चार-पाच दिवस ट्रेनिंग द्यायचंच नाही. पक्षी हा शिकार होणाऱ्या जमातीतला जीव. त्याच्या दृष्टीने आपण म्हणजे भलंमोठं मांजर. वरून आलेला हात म्हणजे घार. त्यामुळे पिंजरा भिंतीला लावून, डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आणि शेजारी बसून मी आपलं काम करत राहिले. लेख लिहून झाला की मोठ्याने वाचून दाखवायचे. माझं लिखाण इतकं मन लावून दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही.

पाचव्या दिवशी पिंजऱ्याच्या गजांमधून राळ्याचं कणीस धरलं. राळा म्हणजे पक्ष्यांच्या दुनियेतली चॉकलेट कॅडबरी! आधी तो कोपऱ्यात सरकला, तुरा ताठ. मग एक पाऊल पुढे. मग अर्धं मागे. वीस मिनिटांनी त्याने एक दाणा टिपला आणि मी ऑफिसात प्रमोशन मिळाल्यासारखी आईला सांगायला खाली धावले.

दुसऱ्या आठवड्यात हात पिंजऱ्याच्या आत, तोही कणीस घेऊन. तिसऱ्या आठवड्यात बोट. बोट पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या जरा वर हलकेच टेकवायचं आणि दरवेळी एकच शब्द म्हणायचा. आमचा शब्द होता 'ये'. पाऊल बोटावर पडताक्षणी दाणा द्यायचा. पाच सेकंदांनी दिला तर तो कशाबद्दल होता हे त्याला कळत नाही. एका वेळी पाचच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा आणि जमलं की तिथेच थांबायचं. 'अजून एकदा, अजून एकदा' करत बसलात तर पक्षी कंटाळतो. (आपले बॉस हा नियम शिकतील तर किती बरं होईल!)

चावला तर? चावणारच. हात झटकायचा नाही, ओरडायचं नाही, चोचीवर टिचकी तर मुळीच मारायची नाही. आपण ओरडलो की त्याला वाटतं, वा, काय मस्त प्रतिक्रिया मिळाली! शांतपणे त्याला खाली ठेवायचं आणि दोन मिनिटं पाठ फिरवायची. खरं तर पक्षी चावायच्या आधी दहादा सांगतो. तुरा डोक्याला चपटा चिकटला आणि फिस्स आवाज आला, म्हणजे 'लांब हो'. तुरा ताठ, म्हणजे 'हे काय नवीन?' तुरा सैल, मागे कललेला, म्हणजे सगळं निवांत. मान खाली घालून डोकं पुढे केलं, म्हणजे 'खाजव'. झोपायच्या आधी चोच घासल्याची करकर ऐकू आली, म्हणजे दिवस चांगला गेला. नवऱ्याचे मूड एवढे स्पष्ट कळत नाहीत, असं माझ्या एका विवाहित मैत्रिणीचं म्हणणं आहे.

खान्देशी मेन्यू

दुकानात मिळणारं 'पोपटाचं खाद्य' म्हणजे बहुतेक सूर्यफुलाच्या बिया. त्या पक्ष्यांना जाम आवडतात आणि त्यांचंच जेवण केलं तर यकृतावर चरबी चढते. आपण रोज फरसाणावर जगलो तर जे होईल, तेच. त्यामुळे राळा आणि बाजरी थोडी, मोड आलेले मूग, भिजवलेले हरभरे, उकडलेला मका, मेथी, पालक, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर असा आमचा मेन्यू. थंडीत ज्वारीचा कोवळा हुरडा. आणि जळगावात राहून केळं नाही, असं कसं चालेल? पण तेही नखाएवढंच. गजात अडकवलेला समुद्रफेसाचा तुकडा कॅल्शियमसाठी. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं.

न द्यायच्या गोष्टी पाठ करून ठेवा. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि खारट-तळकट काहीही. खान्देशात हे शेवटचं फार अवघड आहे हो! आमच्याकडे शेव भाजीतसुद्धा असते. बाबांनी पहिल्याच आठवड्यात प्रेमाने शेव पुढे केली होती. मी मध्येच झडप घातली आणि बाबा तीन दिवस 'तुझ्या पक्ष्याचं डाएट' म्हणून टोमणे मारत होते.

घरातले धोके तर बघितल्याशिवाय कळत नाहीत. पहिला म्हणजे डोक्यावरचा पंखा. पक्षी बाहेर असताना पंखा बंद म्हणजे बंद. आम्ही बटणावर चिकटपट्टी लावली. दुसरा नॉनस्टिक तवा. तो जास्त तापला की जो वायू निघतो तो आपल्याला जाणवतही नाही, पण छोट्या पक्ष्याचा जीव काही मिनिटांत जाऊ शकतो. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक. म्हणून मिरचीची फोडणी, उदबत्ती, डासांची कॉइल सगळं त्याच्यापासून लांब. आणि हो, कॉकटीलच्या पिसांमधून पांढरी पावडर उडते. घरात कोणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग पक्षी आणा.

मिरची खाऊन कोणी बोलत नाही

आता मुद्द्याचं, म्हणजे बोलण्याचं. जो येईल तो सल्ला देत होता, "हिरवी मिरची खाऊ घाल, जीभ सुटते!" मिरचीने पोपट बोलत नाही. खरं सांगायचं तर त्याला ती तिखटही लागत नाही. मिरचीतला जो पदार्थ आपली जीभ भाजतो, तो ओळखणारा ग्राहक पक्ष्यांमध्ये त्याला दादच देत नाही. मिरचीच्या बिया पक्ष्यांनी लांबवर पसरवाव्यात म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. आपल्यातल्या त्या ग्राहकाचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेलही मिळालं. आमच्या खान्देशातल्या आग लावणाऱ्या मिरच्या राघू लोक आरामात खातात, यामागचं शास्त्र हे असं आहे.

मग पक्षी बोलतो कसा? त्याला आपल्यासारखं स्वरयंत्र नसतं. श्वासनलिकेच्या तळाशी, जिथे तिचे दोन फाटे होतात, तिथे त्याचा आवाज तयार होतो. आणि तो बोलतो, कारण थव्यात राहायचं तर थव्याची भाषा यावी लागते. त्याचा थवा म्हणजे आता आपण. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ साली दुकानातून एक आफ्रिकन ग्रे आणला. त्याचं नाव अॅलेक्स. २००७ मध्ये तो गेला तोवर त्याला शंभरच्या आसपास शब्द येत होते. तो रंग सांगायचा, आकार सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. पेपरबर्गबाईंची पद्धत साधी होती. पक्ष्यासमोर दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं. एकाने वस्तू दाखवून विचारायचं, 'हे काय?' दुसऱ्याने बरोबर उत्तर दिलं की वस्तू त्याला मिळायची. बघता बघता पक्ष्याला वाटायला लागतं, 'अरे, मलाही पाहिजे!'

आम्ही तेच केलं. मी दारामागे, आई खोलीत. मी टकटक करायची, आईने "कोन शे?" म्हणायचं, मग मी आत यायचं आणि आईला दाणा द्यायचा. (आई तो दाणा मुकाट्याने डब्यात परत टाकायची.) हे दोन महिने चाललं. शेजारच्या काकूंनी एकदा खिडकीतून हा सगळा प्रकार बघितला. त्या दिवसापासून त्या माझ्या लग्नाबद्दल विचारत नाहीत. फायदाच झाला!

पण राघू बोलेना. हाक मारायचा, म्हणजे मी खोलीबाहेर गेले की एक लांब, चढती शीळ. मी खालून शीळ घातली की गप्प. 'तू आहेस ना?' 'आहे रे बाबा.' थव्यातली पाखरं दिवसभर एकमेकांना हेच विचारत असतात. पण 'कोन शे?' काही येईना.

चव्वेचाळीस डिग्रीतला पाहुणचार

एप्रिलमध्ये मला एका असाइनमेंटसाठी चार दिवस पुण्याला जायचं होतं. आई-बाबांनाही नेमकं त्याच वेळी नाशिकला लग्न. पक्ष्याला कोणाकडे ठेवायचं? धुळ्याला न्यायचं, तर जळगावहून एरंडोल, पारोळा करत नव्वद-एक किलोमीटर एसटीने, तेही एप्रिलच्या उन्हात. मी आजीला फोन केला. आम्हाला वाटलं, ती नाहीच म्हणणार. ती म्हणाली, "पाखरू उपाशी ठेवता काय? मी येते."

ज्या बाईला तिचा मुलगा दोन वर्षांत आणू शकला नव्हता, ती एका नव्वद ग्रॅमच्या पक्ष्यासाठी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने जळगावात हजर!

दारातच तिने पिंजऱ्याकडे बघितलं. राखाडी अंग, पिवळट तोंड, उभा तुरा. "हाई काय शे?" एवढंच म्हणाली. तिच्या मनातला राघू हिरवा होता. चेहरा पडला तिचा, मला दिसलं ते. पण मी पुण्याहून परत आले तेव्हा राघू तिच्या चष्म्याच्या दांडीवर बसून तिचा पांढरा केस एकेक करून विंचरत होता आणि आजी डोळे मिटून बसली होती. चार दिवसांसाठी आलेली आजी पावसापर्यंत राहिली.

जळगावचा मे महिना कसा असतो, हे ज्याने काढलाय त्यालाच माहीत. पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी टाकून तो धापा टाकायला लागला, पंख अंगापासून लांब धरले, की समजायचं, त्याला ऊन बाधतंय. कूलरचा झोत थेट त्याच्यावर नको, पण खोली गार हवी. आजीने पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं फडकं टाकलं, दुसरी बाजू हवेसाठी मोकळी ठेवली, मातीच्या परळात पाणी ठेवलं आणि दुपारी कपड्यांना इस्त्री करताना मारतो त्या फवारणीने बारीक पाणी उडवायला लागली. राघू पंख पसरून उलटा लटकायचा. लाइट गेली की आजी पुठ्ठ्याने वारा घालायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मेच्या अखेरीला त्याने खाणं कमी केलं. मी रोज सकाळी त्याला स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोलत होते. ब्याण्णवचा एकदम चौऱ्याऐंशी. पक्षी आजार लपवतो. दिसायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो, म्हणून तो काटा पाहिजेच. पशुवैद्यकीय दवाखान्यात आमचा नंबर एक शेळी आणि एका वासराच्या मधे लागला. शेळीवाले काका बुटाच्या खोक्याएवढ्या पिंजऱ्याकडे बघून म्हणाले, "एवढ्याशासाठी?" आजी म्हणाली, "मग? त्याला जीव नाही का?" डॉक्टरांनी त्याला टॉवेलात धरून नीट तपासलं, पंख उघडून बघितले आणि म्हणाले, "काही नाही, पिसं झडताहेत. नवीन पिसं येताना ताकद लागते, मोड आलेलं कडधान्य वाढवा." मग पंखाखालचे पिवळे ठिपके आणि शेपटीखालचे आडवे पट्टे दाखवून म्हणाले, "पिसं बदलली, तरी हे तसेच आहेत. मादी आहे."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कॉकटीलमध्ये शीळ घालणारा, शब्द उचलणारा बहुतेक नर. माद्या सहसा बोलत नाहीत. म्हणजे दोन महिन्यांचं ते टकटक, तो दाणा, ते 'कोन शे'... सगळ्याचा पोपट झाला होता! रिक्षात आजी हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "राघूची मैना झाली गं!"

वीस वर्षांचं गणित

त्या रात्री पिंजऱ्यावर चादर टाकताना आजीने विचारलं, "हे जगतं किती?" मी सांगितलं, नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं.

"वीस वरीस? नि मी?"

चादर टाकून झाली होती, झीरोचा दिवा लावला होता. (रात्री अंधारात दचकून हे पक्षी पिंजऱ्यात धडपडतात आणि पंख मोडून घेतात, म्हणून थोडा उजेड लागतो.) आजी म्हणाली, "तुझे आजोबा गेले तेव्हा मला वाटलं, घरात काहीतरी बोलणारं हवं. पण मी गेल्यावर हिला कोण विचारणार? ती पाखराची जात, तिला काय कळणार मी कुठे गेले ते? शीळ घालत बसेल." मग थोड्या वेळाने, "ती तुझीच राहू दे."

प्रश्न असा माझ्यावर आला. मी अठ्ठावीसची. वीस वर्षांनी अठ्ठेचाळीस. जूनमध्ये मुंबईहून एका ठिकाणी बोलावणं आलं, पगार बरा होता. तीन मुली एका फ्लॅटमध्ये, बारा-बारा तास ऑफिस. जी मैना मी पाच मिनिटं दिसले नाही तर हाक मारते, तिने बारा तास कोणाला हाक मारायची? पक्ष्यासाठी नोकरी नाकारली असं म्हटलं तर लोक हसतील, म्हणून हेही सांगते, की मुंबईचं भाडं आणि तो पगार यांचं गणितही फारसं जमत नव्हतं. मी त्यांना जळगावातूनच काम करते म्हणून कळवलं. महिन्यात तीन दिवस मुंबई, बाकी इथून. ते तयार झाले. तयार झाले नसते तर काय केलं असतं, हा प्रश्न माझ्यासमोर अजून आहेच. लग्न, दुसरं शहर, दुसरं घर, प्रत्येक वळणावर तो परत येणार आहे. धुळ्याच्या चुलत भावाला मात्र आम्ही मैनेचा अधिकृत वारस नेमलंय. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याने होकार देताना अट घातली, की पंख्याच्या बटणावरची चिकटपट्टी सोबत पाहिजे!

तर मंडळी, तुमच्याही मनात पक्षी घ्यायचं असेल तर रंग, किंमत, बोलतो का, हे सगळं नंतर बघा. आधी वीस वर्षं मोजा. तुम्ही सुट्टीवर गेल्यावर कोण, तुमच्या गावात पक्षी तपासणारा डॉक्टर कोण, दिवसातला निदान तास-दीड तास कोणाचा, हे कागदावर लिहून काढा. उत्तरं जमली तर घ्या, पक्षी तुम्हाला शिकवेल. आणि देशी पोपट कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. 'सोडवून आणला' म्हणूनही विकत घेऊ नका, कारण तुमच्या पाचशे रुपयांनी दुसरी ढोली रिकामी होते. वन विभागाला कळवा.

उत्तरं जमत नसतील तरी निराश होऊ नका. आजी पाऊस सुरू झाल्यावर धुळ्याला परतली. तिने गच्चीच्या कठड्यावर मातीचं परळ ठेवलंय, पाण्याने भरलेलं. शेजारी ज्वारीची दोन कणसं. तिच्या हिशेबाने सकाळी सात-आठ राघू येतात. हिरवेगार, लाल चोचीचे, तिला हवे होते अगदी तसेच. कोणी हाताला येत नाही, कोणी बोलत नाही, कणसं मात्र फस्त होतात. फोनवर ती त्यांच्या तक्रारी सांगते आणि मग म्हणते, "आता मैनेला फोन दे." मी फोन पिंजऱ्याजवळ धरते. धुळ्याहून शीळ येते, जरा फाटकी, दात नसलेल्या तोंडाची. इकडून लांब, चढती शीळ जाते. दोघींचं बोलणं मला कळत नाही, पण बिल माझंच येतं.